प्राण्यांचे गर्भ कसे वाढतात यावरच्या संशोधनाचा लहान मुलांच्या आरोग्याला खरंच काही फायदा झाला आहे का?

“मेंढ्या-उंदरांचे गर्भ बघत बसण्यात एवढा पैसा जातो, आपल्या पोरांना त्यातून काय मिळालं?” असं तुम्ही पुढे विचारलंय. मी नवजात बाळांच्या विभागात डॉक्टर आहे, त्यामुळे रोजच्या कामातलंच उदाहरण देते.

दिवस भरायच्या बरंच आधी जन्मलेलं बाळ थोड्याच वेळात कण्हायला लागतं. नाकपुड्या फुलतात, प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली खळगा पडतो. फुप्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्या श्वास सोडल्यावर मिटू नयेत म्हणून आतून सर्फॅक्टंट नावाचा एक स्निग्ध थर लागतो. तो साधारण २४व्या आठवड्यानंतर तयार होऊ लागतो आणि पुरेसा साठायला ३४-३५ आठवडे उजाडतात. तो नसेल, तर कोऱ्या फुग्यात पहिली फुंकर मारायला लागतो तसा जोर बाळाला प्रत्येक श्वासाला लावावा लागतो. (“सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही” हे आजीबाईंचं म्हणणं म्हणूनच साफ चूक. पोटात जितके आठवडे जास्त, तितकं बरं.)

या बाळांत तो थर कमी असतो, हे मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी १९५९ मध्ये दाखवलं. पण इलाज नव्हता. १९६३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी जन्मला आणि दोन दिवसांच्या आत याच आजाराने गेला.

इलाज सापडला मेंढीत, तोही भलतंच काही शोधताना. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडचे संशोधक ग्रॅहॅम लिगिन्स यांना प्रसूती सुरू कोण करतं, आई की गर्भ, एवढंच बघायचं होतं. त्यांनी पोटातल्या कोकरांना स्टेरॉइड दिलं आणि मेंढ्या लवकर व्यायल्या. त्यातलं एक कोकरू इतक्या आधी जन्मलं होतं, की त्याला श्वास घेता यायलाच नको होता. ते श्वास घेत राहिलं. नंतर फुप्फुसं तपासली, तर त्यांत बऱ्यापैकी हवा शिरलेली! दिवस भरत आले की गर्भाच्या शरीरात कॉर्टिसोल (शरीरातच बनणारं स्टेरॉइड) आपोआप वाढतं आणि फुप्फुसं तयार होतात. इथे तोच इशारा आधी मिळाला होता.

मग लिगिन्स आणि बालरोगतज्ज्ञ रॉस हाउई यांनी स्टेरॉइडच्या इंजेक्शनची २८२ मातांवर चाचणी केली. १९७२ चे आकडे असे: इंजेक्शन न मिळालेल्या गटात २५.८ टक्के बाळांना श्वासाचा हा आजार झाला, मिळालेल्या गटात ९ टक्के. आपल्याकडे डॉक्टर “फुप्फुसं पिकायची इंजेक्शनं” म्हणतात, ती हीच. एवढं असून अमेरिकेत तज्ज्ञांची अधिकृत शिफारस यायला १९९४ उजाडलं. याचा मला अजून राग येतो. दरम्यान जपानच्या तेत्सुरो फुजिवारांनी १९८० मध्ये गायीच्या फुप्फुसापासून केलेलं सर्फॅक्टंट थेट बाळांना दिलं. आजही तो दुधासारखा पांढरा द्रव नळीतून श्वासनलिकेत सोडला, की पुष्कळदा काही मिनिटांत बाळाला बाहेरून दिलेला ऑक्सिजन कमी करत आणावा लागतो.

दुसरं उदाहरण फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळीचं. गर्भात ज्या नळीपासून मेंदू आणि मज्जारज्जू बनतात, ती नीट मिटायला ही गोळी मदत करते. ती नळी गर्भधारणेनंतर चार आठवड्यांतच मिटते, म्हणून गोळी दिवस राहण्याआधीपासून घ्यायची.

पण इंजेक्शन दिलं की झालं, असंही नाही. सहा देशांत, आपल्याकडे नागपूर आणि बेळगाव परिसरात, गावपातळीपर्यंत ही इंजेक्शनं पोचवण्याचा प्रयोग झाला. २०१५ मध्ये निकाल आला, तो उलटा: एकूण नवजात मृत्यू वाढले. इंजेक्शन मिळालेल्या बऱ्याच बायकांची प्रसूती मुदतपूर्व झालीच नव्हती. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने सोनोग्राफीवरून आठवडे नीट ठरवून, नवजात बाळांची सोय असलेल्या रुग्णालयांत चाचणी घेतली. २०२० च्या त्या निकालात इंजेक्शन न मिळालेल्या गटात नवजात मृत्यू २३.५ टक्के होते, मिळालेल्या गटात १९.६ टक्के.

घरात कुणी गरोदर असेल तर पहिल्या तिमाहीतली सोनोग्राफी चुकवू नका आणि तो रिपोर्ट फाइलमध्ये वरच ठेवा. अवेळी कळा सुरू झाल्या, तर इंजेक्शन द्यायचं की नाही हे आम्ही त्यावरच्या तारखेवरून ठरवतो.