प्रीएक्लॅम्प्सिया ओळखणारं मॉडेल: आधी गर्भवयाचा रकाना बघा

तुमची पोस्ट दोनदा वाचली. कॉम्प्युटर सायन्समधून थेट प्लॅसेंटावरच्या, म्हणजे वारेवरच्या, पोस्टडॉकला आलात, प्रीएक्लॅम्प्सिया (गरोदरपणात रक्तदाब वाढून होणारा आजार) आणि नॉर्मल अशा दोन गटांच्या स्कॅन केलेल्या स्लाइड्स हातात आहेत, पहिल्याच महिन्यात मॉडेलचा एयूसी (दोन गट किती नीट वेगळे करता येतात त्याचं माप, १ म्हणजे अचूक) ०.९ च्या वर गेला, गाइड म्हणतात पेपर लिहायला घ्या, आणि तुमच्या मनाला मात्र ते पटत नाहीये. "इतकं सोपं कसं असेल?" असं तुम्ही विचारलंय. मी नेमकी याच ठिकाणी अडकले होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. स्लाइडचे पॅच (तुकडे) कसे पाडायचे, मल्टिपल इन्स्टन्स लर्निंग ही शिकवण्याची पद्धत वापरायची की आणखी काही, हे तुम्हाला येतंच. त्यात जात नाही.

थेट विचारते. प्रत्येक नमुन्यापुढे प्रसूतीच्या वेळचं गर्भवय आठवड्यांत दिलेलं आहे का? तुम्ही जे रकाने लिहिलेत त्यात फक्त "पूर्ण दिवस / अपुरे दिवस" दिसतंय. तेवढंच असेल तर पेपर आज थांबवा.

कारण असं. प्रीएक्लॅम्प्सियावर खरा उतारा म्हणजे प्रसूती. आजार लवकर सुरू झाला आणि बळावला तर बाळ ३०-३२ आठवड्यांतच बाहेर काढावं लागतं. नॉर्मल गटातल्या बायका बहुतेक ३९-४० आठवड्यांच्या. आणि वार दर आठवड्याला बदलत असते. व्हिलाय, म्हणजे वारेतले ते बोटांसारखे फाटे, दिवस भरत येतात तसे बारीक होत जातात, आतल्या केशवाहिन्या पार कडेला येऊन चिकटतात, बाहेरचा थर तिथे पातळ होतो. एवढा फरक कुठलंही बऱ्यापैकी नेटवर्क सहज पकडतं. त्याला आजार कळायची गरजच पडत नाही. गर्भवय कळलं की उत्तर बरोबर येतं.

माझ्याकडे हा रकाना का नव्हता, ते सांगते. पहिल्या अर्जात मी आठवडे आणि दिवस मागितले होते. डेटा देणाऱ्या कार्यालयाने कळवलं की तारखांवरून व्यक्ती ओळखता येते, सबब देता येणार नाही. मी लिहिलं, तारीख नकोच आहे, फक्त आठवडे द्या. पाच आठवड्यांनी उत्तर आलं: माहिती संवेदनशील आहे. कुणाशी बोलू म्हणून विचारलं तर दुसऱ्या टेबलाकडे पाठवलं, त्यांनी परत पहिल्याकडे. शेवटी ३७ आठवड्यांवर रेघ मारून अलीकडे-पलीकडे एवढंच देऊ, असं ठरलं. माझी नेमणूक दोन वर्षांची, त्यातले सहा महिने यातच गेलेले. मी वैतागून "चालेल" असं उत्तर पाठवलं.

ते एका शब्दाचं उत्तर मला सगळ्यात महाग पडलं. आयांची माहिती जपलीच पाहिजे, त्याबद्दल माझी जराही तक्रार नाही. पण "३२ आठवडे" ही तारीख नव्हे, एवढं समजून घ्यायला त्या साखळीत एकही माणूस थांबला नाही, आणि मीही नेट धरला नाही. पुढचे अकरा महिने त्या फाइलवर काम केलं.

मग एका दुपारी आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमसोबत हीटमॅप (मॉडेलने स्लाइडवर कुठे लक्ष दिलं ते रंगात दाखवणारं चित्र) बघायला बसले. प्रीएक्लॅम्प्सियाची स्लाइड, मॉडेल ठाम, लाल रंग भरभरून. मॅडमनी झूम केलं. लाल डागाखाली होते जाडसर, भरपूर स्ट्रोमा (आतली आधार देणारी ऊती) असलेले व्हिलाय. त्या म्हणाल्या, "हे तर एकतीस आठवड्यांना असतातच." मग त्यांनी माउस कडेला नेला. तिथे व्हिलाय विरळ झाले होते, आणि त्यांच्या टोकांना गडद केंद्रकांचे झुबके होते, ज्यांना सिन्सिशियल नॉट म्हणतात. "आजार इथे आहे." त्या भागावर रंगाचा ठिपकाही नव्हता.

पूर्ण दिवसांच्या निरोगी वारेतही सुमारे ३० टक्के व्हिलायवर असे नॉट असतात. तेवढेच ३१ आठवड्यांना दिसले तर मात्र वार वयाआधी पिकली, असं धरतात. म्हणजे हे निदानच आठवड्यांच्या संदर्भात होतं. रकाना नसेल तर लेबललाही अर्थ उरत नाही.

नंतर मॅडमच्या सहीने एक पानी पत्र गेलं. वारेच्या तपासणीचे २०१६ साली छापले गेलेले अ‍ॅमस्टरडॅम निकष पुढे ठेवून त्यांनी लिहिलं की गर्भवयाशिवाय या स्लाइड्स वाचताच येत नाहीत. तीन आठवड्यांत रकाना आला. चित्र अजिबात न दाखवता, फक्त आठवडे देऊन लॉजिस्टिक रिग्रेशन, म्हणजे आकड्यावरून दोन गट ओळखणारं साधं गणित, चालवलं. ते आमच्या मॉडेलच्या जवळजवळ बरोबरीला आलं. त्या दिवशी घरी जाऊन मी कुणाशी बोलले नाही.

तुम्हीही सगळ्यात आधी हेच रिग्रेशन चालवा. मग मॉडेलच्या आतल्या फीचर्सवरून (चित्रातून त्याने काढलेल्या आकड्यांवरून) गर्भवय सांगता येतं का ते बघा. येतच असेल, प्रश्न किती अचूक येतं हा आहे. त्यानंतर आठवड्यांना आठवडे जुळवून जोड्या लावा. नमुने निम्म्याहून कमी उरतील, उरू द्या.

इथे दुसरी अडचण येईल. "नॉर्मल पण अपुऱ्या दिवसांची वार" अशी वस्तू जवळपास मिळत नाही, कारण लवकर प्रसूती होण्यामागे काही ना काही कारण असतंच. आपोआप लवकर झालेल्या प्रसूतींमध्ये गर्भाभोवतीच्या पडद्यांना संसर्ग असणं नेहमीचं आहे, मग मॉडेल न्यूट्रोफिल (संसर्गात जमणाऱ्या पांढऱ्या पेशी) मोजायला शिकतं. शिवाय त्या बायकांना कळा आलेल्या असतात, तर प्रीएक्लॅम्प्सियात पुष्कळदा कळांआधीच सिझेरियन होतं. हे सगळं पूर्ण निस्तरता येत नाही. माझं मत असं की पेपरमध्ये ते उघडपणे लिहावं आणि दावा लहान ठेवावा. मोठं मॉडेल आणून ही गाठ सुटणार नाही, कुणी काहीही सांगो.

जाता जाता: ट्रेन-टेस्टची (मॉडेलला शिकवायचे आणि तपासायचे नमुने यांची) विभागणी आईनुसार करा, स्लाइडनुसार नको. एका वारेच्या चार-पाच स्लाइड्स असतात, जुळी असतात, तीच आई दुसऱ्या खेपेलाही यादीत येते. प्रसूतीनंतर वार फॉर्मेलिनमध्ये किती वेळाने गेली याची नोंद मिळाली तर जरूर घ्या. तुकडा मधला की कडेचा, तेही विचारा, कडेला रक्तपुरवठा मुळातच कमी असतो.

माझा अनुभव एच अँड ई (नेहमीच्या पद्धतीने रंगवलेल्या) स्लाइड्सपुरता आहे. सिंगल-सेल (एकेका पेशीच्या) डेटावर काम करणाऱ्यांनी वेगळं सांगितलं तर त्यांचं ऐका. परवानग्यांचे नियमही जागोजागी निराळे असतात, कायद्याचा सल्ला म्हणून हे घेऊ नका. पण अर्ज एकट्याने करू नका, पॅथॉलॉजिस्टची सही पहिल्या दिवसापासून असू द्या. आणि गाइडना पेपर का थांबवायचा हे सांगताना त्या रिग्रेशनचा आकडा समोर ठेवा, वाद घालावा लागणार नाही.

रकाना मिळाला की दोन्ही गटांचे आठवडे एकाच आलेखावर काढून इथे टाका. किती जोड्या निघतील ते बघून सांगते.