गोळी घ्यावी की सुई? वजनाच्या औषधांबद्दल वाचकांचे प्रश्न

वजन कमी करण्याच्या औषधांबद्दल आलेल्या पत्रांतली निवडक पत्रं इथे घेतली आहेत. एकाच आशयाची पत्रं एकत्र केली आहेत. ही सगळी औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळतात. उत्तरं वाचून परस्पर डोस बदलू नका.

वय ४६, उंची पाच फूट दोन इंच, वजन ८४ किलो. डॉक्टर आठवड्याच्या इंजेक्शनबद्दल बोलतात, पण मला सुईची भयंकर भीती वाटते. गोळीने तेवढंच काम होत नाही का?
– एक वाचिका, मुलुंड

आधी ‘गोळी’ म्हणजे कोणती ते ठरवू, कारण एकाच नावाखाली निदान तीन वेगळी औषधं खपतात. पहिलं ऑर्लिस्टॅट. ते आतड्यात चरबीचं पचन अडवतं, भुकेला हातही लावत नाही. दुसरं मेटफॉर्मिन. ते मधुमेहाचं औषध आहे, त्याने वजन उतरलंच तर दोन-तीन किलो. तिसरी सेमाग्लुटाइडची गोळी, म्हणजे रायबेलसस. इंजेक्शनमध्ये असतं तेच औषध तिच्यात आहे आणि ती भारतात जानेवारी २०२२ मध्ये आली. पण ३, ७ आणि १४ मिलिग्रॅमची ही गोळी टाइप २ मधुमेहासाठी आहे. तिने मधुमेहींचं वजन सरासरी तीन-चार किलो उतरतं.

तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, ३४ येतो. आपल्याकडच्या निकषाने २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात. औषधाच्या पत्रकात मात्र ३० ची, किंवा रक्तदाब, मधुमेह असं काही जोडीला असेल तर २७ ची अट असते. तुम्ही दोन्हींत बसता.

आता आकडे. सेमाग्लुटाइडचं आठवड्याचं २.४ मिग्रॅ इंजेक्शन (वेगोवी) ६८ आठवडे घेणाऱ्यांचं वजन सरासरी १४.९ टक्के उतरलं. तुमच्या ८४ किलोंत ते साडेबारा किलो होतात. टर्झेपॅटाइड (मौंजारो) हे आठवड्याचं दुसरं इंजेक्शन, त्याच्या १५ मिग्रॅ डोसवर ७२ आठवड्यांत २०.९ टक्के, म्हणजे साडेसतरा किलो. दोन्ही अभ्यासांत आहार-व्यायामाचा सल्लाही चालू होता, नुसती सुई नव्हती. सेमाग्लुटाइडच्या २५ मिग्रॅच्या रोजच्या गोळीने ६४ आठवड्यांत १३.६ टक्के वजन उतरलं, म्हणजे ती इंजेक्शनच्या जवळ पोचते. अमेरिकेत ती डिसेंबर २०२५ मध्ये वजनासाठी मंजूर झाली. पण १४ च्या दोन गोळ्या घेऊन २८ करू, हा हिशोब चालत नाही. ७ च्या दोन घेऊन १४ करायलाही पत्रकात मनाई आहे.

सुईबद्दल. हे इंजेक्शन ज्या पेनासारख्या उपकरणाने घेतात, त्या पेनला लागणारी सुई ४ मिलिमीटरची असते, रक्त काढायच्या सुईशी तिचा काही संबंध नाही. डॉक्टरांकडे औषधाशिवाय एकदा टोचून पाहा, मग ठरवा. आमचं मत विचाराल तर निव्वळ सुईच्या भीतीने गोळी निवडू नये. गोळीचे नियम रोजचे असतात आणि सुईपेक्षा तेच जास्त लोकांना जड जातात. पुढचं पत्र पाहा.

मधुमेह आहे. चार महिने रायबेलसस घेतो, आता १४ मिग्रॅवर आहे. वजन दीड किलोच उतरलं. पहाटे ५.५२ ची लोकल असते, म्हणून गोळी चहाबरोबर घेऊन निघतो. सोबत ग्लिमेपिराइड चालू आहे.
– एक वाचक, वसई

चहाबरोबर घेतलेली ही गोळी जवळजवळ वाया जाते. सेमाग्लुटाइड हे प्रथिन जातीचं औषध, एरवी ते पोटात पचून वायाच जाईल. म्हणून गोळीत स्नॅक नावाचा एक मदतनीस घटक घातलेला असतो. गोळी जठरात जिथे विरघळते, तेवढ्याच जागी तो औषधाला भिंतीतून आत शिरू देतो. इतकं करूनही शंभरातला जेमतेम एक भाग रक्तात पोचतो. दूध, साखर, बिस्किट, एवढंच काय जास्त पाणीही मध्ये आलं तर तो एक भागसुद्धा राहत नाही.

तेव्हा असं करा. डोळे उघडले की रिकाम्या पोटी गोळी घ्या, साध्या पाण्याबरोबर, पाणी १२० मिलीपेक्षा जास्त नको. घरातल्या भांड्यात एकदा मापून पाहा, वाटतं त्यापेक्षा ते कमी भरतं. गोळी चावायची नाही, तोडायची नाही. मग दाढी, अंघोळ, कपडे उरका आणि अर्धा तास झाल्यावर चहा घ्या. अर्ध्या तासाहून जास्त थांबलात तर शोषण वाढूही शकतं, म्हणून चहा वसई स्टेशनवर घेतलात तरी बिघडत नाही. रात्रपाळीवाल्यांनी घड्याळ पाहू नये, मोठ्या झोपेनंतरचं रिकामं पोट पाहावं. एखाद्या दिवशी राहिलीच तर सोडून द्या, दुसऱ्या दिवशी दोन नकोत.

गोळ्या पत्र्यातून काढून आठवड्याच्या डबीत भरून ठेवता का? ठेवू नका. ही गोळी ओल शोषते आणि आपल्याकडचा जुलै तर भिंतींनाही सोडत नाही. घ्यायच्या क्षणीच पत्रा फोडा.

ग्लिमेपिराइडचं, म्हणजे तुमच्या साखर उतरवणाऱ्या दुसऱ्या गोळीचं, मात्र आधी बघा. गोळी नीट लागू पडायला लागली की या जोडीने साखर एकदम खाली येऊ शकते, तीही नेमकी गर्दीच्या डब्यात. घेण्याची पद्धत बदलण्याआधी डॉक्टरांना सांगा, बहुधा ते ग्लिमेपिराइड कमी करतील. तोवर खिशात ग्लुकोजची पुडी असू द्या.

थायरॉइडची गोळीही उपाशीपोटीच असते. मग आधी कुठली?
– एक वाचिका, गिरगाव

आधी सेमाग्लुटाइड, अर्ध्या तासाने थायरॉइडची गोळी, त्यानंतर आणखी अर्धा ते एक तास चहा नाही. एवढं जमत नसेल तर डॉक्टरांना विचारून थायरॉइडची गोळी रात्री जेवणानंतर तीन तासांनी घ्या. सेमाग्लुटाइडच्या गोळीमुळे थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइडच्या गोळीतलं औषध, रक्तात साधारण तिसऱ्या हिश्शाने जास्त उतरतं, म्हणून सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच ही थायरॉइडची रक्तचाचणी पुन्हा करा. इंजेक्शन घेणाऱ्यांना वेळेची ही कसरत नाही.

पेन महाग वाटलं म्हणून मौंजारोच्या बाटल्या घेतल्या. केमिस्टने लाल टोपणाच्या सिरिंजा दिल्या. त्यावर ५० ची खूणच नाही!
– एक वाचक, दादर

बरं झालं, थांबून विचारलंत. लाल टोपणाची सिरिंज यू-४० ची, म्हणजे एका मिलीला ४० खुणा, नारिंगी टोपणाची यू-१००, एका मिलीला १०० खुणा. या बाटलीत २.५ मिग्रॅ असो की ५, औषध अर्धा मिलीच असतं आणि ते सगळं घ्यायचं असतं. यू-१०० वर अर्धा मिली ५० च्या खुणेवर येतो, यू-४० वर २० च्या. घोळ होतो तो इथेच. कुणी तरी ‘वीस घे’ सांगतं, हातात नारिंगी सिरिंज असते, आणि निम्म्याहूनही कमी डोस पोटात जातो. मग ‘मला लागू पडत नाही’ म्हणून डोस वाढवला जातो. लाल सिरिंजा परत करून नारिंगी घ्या आणि खूण एकच लक्षात ठेवा.

बाटलीचं टोपण काढून रबर स्पिरिटने पुसा, वाळू द्या. सिरिंजमध्ये ५० पर्यंत हवा ओढून ती बाटलीत सोडा, बाटली उलटी धरा, औषध ओढा, बुडबुडे टिचकीने वर घालवा. टोचायची जागा पोटावर, बेंबीपासून दोन इंच लांब, किंवा मांडीवर. दंडाला दुसऱ्या कुणाकडून. दर आठवड्याला जागा बदला, एकाच ठिकाणी गाठ धरते. औषध गढूळ किंवा रंग बदललेलं दिसलं तर वापरू नका.

५ ची बाटली आणून दोन आठवडे पुरवायची युक्ती हल्ली ऐकू येते. या बाटलीत जंतू रोखणारं द्रव्य नसतं, एकदा रबर टोचलं की उरलेलं फेकायचं. पेनमध्येही चार डोसांनंतर थोडं औषध उरलेलं दिसतं. ते पाचव्या आठवड्यासाठी नसतं.

वापरलेल्या सुया ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका, कचरा वेचणाऱ्यांच्या हाताला लागतात. जाड प्लास्टिकच्या बरणीत जमवा, झाकण चिकटपट्टीने बंद करा आणि दवाखान्यात विचारून द्या.

गणपतीत आठ दिवस कोकणात असतो. पेन कसं न्यायचं? डोस चुकला तर?
– एक वाचक, गोरेगाव

न उघडलेलं पेन २ ते ८ अंशांत, म्हणजे फ्रिजच्या मधल्या कप्प्यात. बर्फाच्या कप्प्याजवळ नको, गोठलेलं औषध वितळलं तरी वाया गेलेलंच असतं. वापरायला काढलेलं मौंजारोचं पेन ३० अंशांखाली ३० दिवस चालतं. गावच्या घरात ते निभावतं, दुपारी उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर नाही. थंड पिशवीत बर्फाची पाकिटं असतील तर पेन आधी रुमालात गुंडाळा. सुई काढूनच पेन ठेवा, लावून ठेवली की औषध गळतं आणि हवा शिरते.

मौंजारोचा डोस चुकला आणि चार दिवसांच्या आत आठवला तर घ्या, त्यापुढे सोडा. कायमचा वार बदलायचा असेल तर दोन डोसांत निदान तीन दिवस जाऊ द्या. दोन-तीन आठवडे सलग चुकले तर पुन्हा त्याच डोसने सुरू करू नका, डॉक्टरांना विचारा. नाहीतर उलट्यांनी हैराण व्हाल. आणि डोसच्या दुसऱ्या दिवशी तळलेल्या मोदकांवर ताव नको. जठर रिकामं व्हायला वेळ लागतो, करपट ढेकर आणि मळमळ तिथूनच येते.

ऑर्लिस्टॅट सुरू केल्यापासून ऑफिसात कपड्यांना तेलकट डाग पडतात. बंद करू का?
– एक वाचिका, अंधेरी

औषध काम करतंय त्याचाच तो पुरावा आहे. जेवणातल्या चरबीचा साधारण तिसरा हिस्सा न पचता बाहेर पडतो. मिसळ-बटाटेवडा खाल्लात की जास्त पडतो. कॅप्सूल १२० मिग्रॅची, जेवणाबरोबर दिवसातून तीनदा. ज्या जेवणात तेल-तूप नाही तिथे घ्यायचीच नाही. अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वंही त्यात वाहून जातात, म्हणून मल्टिव्हिटॅमिन रात्री झोपताना घ्या. चार वर्षांच्या एका मोठ्या अभ्यासात या औषधाने ५.८ किलो उतरले, नुसत्या आहार-व्यायामाने ३. एवढ्या फरकासाठी ऑफिसात रोज जीव मुठीत धरून बसायचं का, हे तुम्हीच ठरवा. आम्ही आधी जेवणातलं तेल मोजायला सांगू.

पीसीओडी आहे, वय २९. वर्षभरात मूल हवं आहे. सध्या गर्भनिरोधक गोळी चालू आहे.
– एक वाचिका, ठाणे

गरोदरपणात सेमाग्लुटाइड, टर्झेपॅटाइड, ऑर्लिस्टॅट यांतलं एकही औषध चालत नाही. सेमाग्लुटाइड, गोळी असो वा सुई, गर्भधारणेच्या प्रयत्नांआधी निदान दोन महिने बंद करावं लागतं, टर्झेपॅटाइड एक महिना. टर्झेपॅटाइडमुळे गर्भनिरोधक गोळीचं शोषण कमी होतं. म्हणून सुरुवातीचे चार आठवडे आणि प्रत्येक वेळी डोस वाढवल्यावर पुढचे चार आठवडे कंडोम जोडीला हवा. शिवाय वजन उतरलं की पीसीओडीत पाळी सुधारते आणि नको तेव्हा दिवस जाऊ शकतात. वर्षभराचीच मुदत असेल तर चढत्या डोसाचे चार-पाच महिने आणि बंद ठेवायचे दोन महिने वजा करून पाहा. हातात फार काही उरत नाही.

इंजेक्शन बंद केलं की वजन परत येतं म्हणतात. जन्मभर खर्च कोण करणार?
– एक वाचक, लालबाग

येतं, खोटं नाही. सेमाग्लुटाइड थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनातलं दोन तृतीयांश परत आलेलं अभ्यासात दिसलं आहे. भूक दाबणारं औषध गेलं की भूक परत येते, त्यात तुमच्या निश्चयाचा दोष नाही. म्हणून पहिल्या तीन महिन्यांचा नव्हे, दोन वर्षांचा खर्च मांडून मगच सुरू करा. मौंजारो मार्च २०२५ मध्ये आलं तेव्हा २.५ मिग्रॅची एक बाटली ३,५०० रुपयांना आणि ५ मिग्रॅची ४,३७५ ला होती, आणि महिन्याला चार लागतात. सेमाग्लुटाइडच्या भारतातल्या पेटंटची मुदत मार्च २०२६ ची, त्यानंतर इतर कंपन्यांना वाट मोकळी. स्वस्त मिळालं तरी पक्कं बिल घ्या, त्यावर बॅच नंबर हवा. व्हॉट्सॲपवर विकलं जाणारं, बर्फाशिवाय कुरियरने येणारं पेन फुकट मिळालं तरी घेऊ नका. वजनाबरोबर स्नायूही जातात, तेव्हा रोजच्या ताटात उसळ, अंडी, दही किंवा मासळी वाढवा आणि आठवड्यातून दोनदा वजनं उचला.

पुढच्या महिन्यात हर्नियाचं ऑपरेशन आहे. इंजेक्शन चालू आहे हे सर्जनला सांगायला हवं का?
– एक वाचक, चेंबूर

हवंच, आणि भूलतज्ज्ञांना वेगळं सांगा. नेहमीप्रमाणे उपाशी राहिलात तरी या औषधामुळे जठरात अन्न उरलेलं असू शकतं, आणि भूल दिल्यावर ते फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. औषध थांबवायचं, की आदला दिवस पातळ पदार्थांवर काढायचा, हे ते ठरवतील. तुम्ही आपल्या मनाने बंद करू नका, विशेषतः मधुमेह असेल तर. औषधाचं नाव, डोस आणि शेवटचं इंजेक्शन घेतल्याची तारीख एका कागदावर लिहून तो फाइलच्या पहिल्या पानाला लावा.