‘माजी मुत्सद्दी’ म्हणता येईल का?

एका वाचकांनी विचारले आहे : ‘अनुभवी मुत्सद्दी आणि लष्करी नेते राष्ट्रीय सुरक्षेबाबत सरकारला सल्ला देणार’ अशा धर्तीचे वाक्य बातम्यांत वारंवार दिसते. परराष्ट्र सेवेतून निवृत्त झालेल्या अधिकाऱ्याला ‘मुत्सद्दी’ म्हणणे बरोबर आहे का, की ‘राजनयिक’ किंवा ‘राजनैतिक अधिकारी’ म्हणावे? आणि ‘माजी मुत्सद्दी’ ही शब्दयोजना चालेल का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्यांचे उत्तर त्यातच दडलेले आहे. ‘माजी राजदूत’ म्हणता येते, ‘माजी परराष्ट्र सचिव’ म्हणता येते, कारण ती पदे आहेत आणि पद सोडावे लागते. मराठीत ‘मुत्सद्दी’ हे पद नाही, तो गुण आहे. ‘माजी हुशार’ किंवा ‘माजी धोरणी’ असे आपण म्हणत नाही, त्याच कारणाने ‘माजी मुत्सद्दी’ कानाला खटकते. तीस वर्षे वकिलातींत काढलेला अधिकारी मुत्सद्दी असेलच असे नाही, आणि एकदाही परदेशी न गेलेला माणूस अस्सल मुत्सद्दी असू शकतो.

हा शब्द पूर्वीपासून असाच होता असे मात्र नाही. मूळ अरबी ‘मुतसद्दी’ फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला, तेव्हा त्याचा अर्थ कामाची जबाबदारी घेणारा, दप्तर सांभाळणारा, कारकून किंवा हिशेबनीस असा होता. मोगल अमलात सुरतेच्या बंदराच्या मुख्य अधिकाऱ्यालाही ‘मुतसद्दी’ म्हणत. उर्दूत हा शब्द बराच काळ कारकुनापाशीच राहिला; मराठीत मात्र तो दप्तरातून उठून थेट राज्याच्या मसलतीत जाऊन बसला. या प्रवासात तो एकटा नाही. शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांत परराज्यांशी व्यवहार पाहणाऱ्या सुमंताचे जुने नाव ‘डबीर’, म्हणजे फारसीत लेखनिक. ‘फडणवीस’ म्हणजे मुळात फर्द, म्हणजे याद्या व हिशेबाचे कागद, लिहिणारा. लेखणीची कामे करणाऱ्या माणसांनाच राज्यातील गुपिते ठाऊक असत, पत्रांचे मसुदे तेच करत, आणि कोणत्या शब्दाने तह जमेल व कोणत्या शब्दाने मोडेल हे त्यांना कळत असे. ‘मुत्सद्दी’चा अर्थ वर चढला तो या अनुभवामुळे, असे मला वाटते.

येथे ‘साडेतीन शहाणे’ आठवल्याशिवाय राहत नाहीत. देवाजीपंत चोरघडे, सखारामबापू बोकील आणि विठ्ठल सुंदर हे तीन पूर्ण, आणि नाना फडणवीस अर्धे. नानांची बुद्धी उणी होती म्हणून ते अर्धे नव्हेत. इतर तिघे लेखणीइतकेच तलवारीलाही सरावलेले होते आणि नाना केवळ लेखणीचे, असे त्याचे परंपरेने दिलेले स्पष्टीकरण आहे. विठ्ठल सुंदर तर १७६३ मध्ये राक्षसभुवनच्या लढाईत निजामाच्या बाजूने लढताना पडला. वाचकांनी विचारलेल्या वाक्यात मुत्सद्दी एका बाजूला आणि सेनानी दुसऱ्या बाजूला उभे आहेत. पण ज्या काळात मराठी ‘मुत्सद्दी’ घडला, त्या काळाला ही फाळणी अर्धवट वाटत होती. अष्टप्रधानांतही न्यायाधीश आणि पंडितराव वगळता सर्वांना युद्धप्रसंगी कामगिरी होती, सुमंतालासुद्धा. १७८२ च्या सालबाईच्या तहात इंग्रजांशी बोलणी करणारे महादजी शिंदे हे सेनापती की मुत्सद्दी, असे विचारले तर दोन्ही, हेच उत्तर द्यावे लागेल.

‘राजनयिक’ आणि ‘राजनैतिक’ यांचा प्रश्न याहून सोपा आहे, पण त्यात एक खड्डा आहे. मराठीत ‘राजनैतिक संबंध’ म्हणजे दोन देशांमधील वकिलातींच्या पातळीवरचे संबंध. हिंदीत मात्र ‘राजनैतिक’ म्हणजे राजकीय. हिंदी मजकूर समोर ठेवून घाईने मराठी करणाऱ्याच्या हातून ‘राजनैतिक दल’ तसेच राहून जाते आणि राजकीय पक्षाचे उगाच शिष्टमंडळ होते. ‘राजनय’ हा शब्द राज्यशास्त्राच्या पुस्तकांत रुळला आहे, त्यावरून ‘राजनयिक’ निर्दोष आहे. तो जरा पुस्तकी वाटतो, पण सेवेतील व्यक्ती दाखवायला उपयोगी पडतो. ‘कूटनीतिज्ञ’ मात्र टाळावा. हिंदीत तो सरळ अर्थाने चालतो, परंतु मराठीत ‘कूट’ म्हटले की कपट आधी आठवते.

‘लष्करी नेते’ या शब्दांवर माझा आक्षेप अधिक आहे. हे शब्द वाचताच मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे सत्ता बळकावलेले सेनाधिकारी येतात, सरकारला सल्ला देणारे नव्हे. शिवाय ‘लष्कर’ म्हटले की बहुतेकांना भूदलच अभिप्रेत असते. निवृत्त नौदलप्रमुख त्यात कसे बसणार? ‘सेनादलांतील निवृत्त वरिष्ठ अधिकारी’ लांबलचक असले तरी नेमके आहे. ‘सेनानी’ हा सुंदर आणि जुना शब्द आहे, ‘सेनानीनामहं स्कन्दः’ असे गीतेत आहेच. पण ‘स्वातंत्र्यसेनानी’मुळे तो आता पदाहून कर्तृत्वाकडे अधिक झुकला आहे. म्हणजे त्याची गत ‘मुत्सद्दी’सारखीच आहे.

आता ‘सल्ला’. हा शब्द अरबी ‘सलाह’वरून आला आणि ‘मसलत’ अरबी ‘मस्लहत’वरून. दोन्ही एकाच धातूचे, ज्याच्या मुळाशी भले होणे, नीट असणे हा अर्थ आहे. हिंदी-उर्दूतील ‘सुलह’, म्हणजे समेट, हाही त्याच कुळातला. म्हणून ‘सल्लामसलत’ या जोडशब्दात दोन भावंडे शेजारी बसली आहेत. मराठीने मात्र त्यांची कामे वाटून दिली. सल्ला एकजण दुसऱ्याला देतो आणि तो ऐकणे न ऐकणे दुसऱ्याच्या हाती असते. मसलत करायला चारजण एकत्र बसावे लागतात, आणि जुन्या कागदांत तर मसलत म्हणजे नुसती चर्चा नसून ठरलेला बेत, प्रसंगी प्रत्यक्ष मोहीमही असते. राजदूत आणि सेनापती वेगवेगळी टिपणे देत असतील तर तो सल्ला. एका बैठकीत एकमेकांचे म्हणणे खोडत, जोडत एखाद्या निर्णयाकडे जात असतील तर त्याला ‘मसलत’च म्हणावे.

भारतात १९९८ मध्ये निर्माण झालेल्या पदाला ‘राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार’ म्हणतात, ते योग्यच आहे. पहिले सल्लागार ब्रजेश मिश्रा, नंतरचे जे. एन. दीक्षित आणि शिवशंकर मेनन हे परराष्ट्र सेवेतले, एम. के. नारायणन आणि अजित डोवाल पोलीस सेवेतले, दोघेही गुप्तचर विभागाचे प्रमुख राहिलेले. त्यामुळे या पदावरील व्यक्तीला सरसकट ‘मुत्सद्दी’ म्हणून मोकळे होता येत नाही. १९९९ च्या कारगिल आढावा समितीचे उदाहरण आणखी बोलके आहे. के. सुब्रह्मण्यम प्रशासकीय सेवेतले, के. के. हजारी निवृत्त लेफ्टनंट जनरल, बी. जी. व्हर्गिस पत्रकार आणि सतीश चंद्र परराष्ट्र सेवेतले. ‘मुत्सद्दी आणि लष्करी नेत्यांची समिती’ असे लिहिले असते, तर चारांपैकी दोघे वाक्यातून गळाले असते.

तेव्हा वाचकांचे वाक्य मी असे लिहीन : ‘अनुभवी माजी राजदूत आणि सेनादलांतील निवृत्त वरिष्ठ अधिकारी राष्ट्रीय सुरक्षेबाबत सरकारला सल्ला देणार.’ त्यांच्यातील एखाद्याच्या बोलण्याने अडलेला करार सुटला, तर त्या व्यक्तीला त्या प्रसंगापुरते खुशाल ‘मुत्सद्दी’ म्हणावे. त्यावरून भाववाचक नाम करताना ‘मुत्सद्दीगिरी’ न लिहिता रूढ ‘मुत्सद्देगिरी’ लिहावे. ‘मुत्सद्दीपणा’ मात्र ‘दी’सहच चालतो.