सिम रेसिंगमध्ये, म्हणजे संगणकावरच्या आभासी कार शर्यतींत, ड्रायव्हरची क्रमवारी न्याय्य कशी लावायची?

नुसते जिंकलेल्या शर्यती मोजू नका. आठ नवख्यांमध्ये पहिला येणं आणि वीस मुरलेल्यांमध्ये सहावा येणं, यात दुसरं कितीतरी अवघड. म्हणून बुद्धिबळात खेळाडूची ताकद आकड्यात मांडणाऱ्या एलो पद्धतीसारखं रेटिंग मला सगळ्यात पटतं. शर्यत म्हणजे प्रत्येकाची प्रत्येकाशी एकेक लढत असं धरायचं. आपल्यापेक्षा वरच्या रेटिंगवाल्याला मागे टाकलं तर जास्त गुण, खालच्याकडून हरलो तर मोठी घट. आयरेसिंग या ऑनलाइन सिम रेसिंग गेमचं आयरेटिंग साधारण याच धर्तीचं आहे.

पण वेग आणि शिस्त एकाच आकड्यात कोंबू नयेत. आयरेसिंगमध्ये सेफ्टी रेटिंग वेगळं असतं: ट्रॅकबाहेर गेलात तर १, गाडीवरचा ताबा सुटला तर २, जोरदार धडक झाली तर ४ असे इन्सिडंट पॉइंट (दंडाचे गुण) लागतात आणि ते किती वळणं घेतली त्या प्रमाणात मोजले जातात. चूक कोणाची हे मात्र तिथे बघत नाहीत. मागून कोणी ठोकलं तरी पॉइंट दोघांनाही. राग येतो खरा, पण बऱ्याच शर्यतींत मिळून हा फरक बराचसा भरून निघतो.

मित्रमंडळींची छोटी लीग असेल तर एवढा खटाटोप नको. २५-१८-१५ असे फॉर्म्युला वनचे गुण द्या, सर्वांना एकच गाडी आणि एकच सेटअप (गाडीची तांत्रिक जुळणी) द्या, आणि प्रत्येकाच्या सगळ्यात वाईट दोन शर्यती वगळा, म्हणजे इंटरनेट तुटल्याची शिक्षा कोणाला होणार नाही. लॅप टाइमची तुलना करायचीच असेल तर इंधन, टायर आणि हवामान तेच ठेवून करा.