वॉशिंग मशीनचा कुबट वास: आधी पावडर कमी करा, ड्रम उतरवायचं नंतर बघू

तुमचा प्रश्न वाचला. खानापुरात घर, आठ महिन्यांपूर्वी घेतलेली फ्रंट लोड मशीन. पाऊस लागल्यापासून दार उघडलं की कुबट वास येतो आणि धुतलेल्या टॉवेलनं तोंड पुसलं की तोच वास नाकात बसतो. रोज थंड पाण्यावर तीस मिनिटांचा प्रोग्रॅम. तुम्ही पावडर वाढवलीत, सुगंधी कंडिशनर दोन-दोन झाकणं घातलंत, आणि आता मेकॅनिक ड्रम उतरवून साफ करायचे तीन हजार मागतोय. द्यावेत का?

आत्ता देऊ नका. मशीनच्या आत जो थर साठलाय त्याचा तो वास आहे, आणि वाढवलेली पावडर नि कंडिशनर हेच त्या थराचं खाणं आहे.

मी बेळगावात वडगावला राहते, हायस्कूलला विज्ञान शिकवते. तीन पावसाळ्यांमागं आमच्याकडे हेच झालं होतं. सासूबाई म्हणाल्या, "मशीनच्या मागं काहीतरी मेलंय बघ गं, उंदीर-बिंदीर." बॅटरी मारून मागं पाहिलं, काही नव्हतं. मग दाराच्या रबराची घडी बोटांनी उलटी केली. तळाशी, जिथं पाणी थांबतं, तिथं काळसर बुळबुळीत थर, त्यात केसांचा गुंता, मुलाच्या शाळेच्या शर्टाचं बटण आणि दोन रुपयांचं नाणं. बोटाला लागलेलं नाकाशी नेलं तर हुबेहूब टॉवेलचा वास. पहिल्या दिवसापासून मी काच रोज पुसत होते, पण ही घडी एकदाही उलटली नव्हती.

आत काय होतं ते कळलं की पुढचं सगळं सोपं जातं. आपल्याला दिसतो तो भोकांचा स्टीलचा ड्रम. त्याच्या बाहेर प्लास्टिकची दुसरी टाकी असते, ती कधीच दिसत नाही. अंगाचा तेलकटपणा, उशीच्या अभ्र्याला लागलेलं खोबरेल, न विरघळलेली पावडर, कंडिशनरमधला ओशटपणा हे सगळं या दोन भिंतींच्या मधे चिकटतं. त्यावर जिवाणू वस्ती करतात आणि स्वतःभोवती चिकट आवरण तयार करतात. नदीतल्या दगडावर हात फिरवला की जसं बुळबुळीत लागतं, तसंच ते. थंड पाणी त्यावरून नुसतं वाहून जातं. ओल्या कपड्यांच्या त्या ठराविक वासामागं मोरॅक्सेला ओस्लोएन्सिस नावाचा जिवाणू असतो, हे जपानी संशोधकांनी 2012 साली दाखवलं. कपडा वाळला तरी तो तग धरून राहतो. म्हणूनच घडी घातलेला टॉवेल कपाटात वास मारत नाही आणि ओल्या तोंडाला लावला की मारतो.

आता तुमच्या पाण्याविषयी, कारण सगळ्यात मोठी चूक तिथं होतेय. खानापूर म्हणजे घाटमाथा, तांबडी माती, जांभा दगड, धो धो पाऊस. तिकडचं विहिरीचं पाणी बहुतेक ठिकाणी मऊ, सुफेन. चिमूटभर साबणाला ढीगभर फेस. माझं माहेर अथणीकडचं, काळ्या रानातलं. तिथं बोअरचं पाणी इतकं जड की बादलीत साबण घासून हात दुखले तरी फेस धरत नाही, तांब्याला पांढरे डाग पडतात. पावडरीच्या पुड्यावरचं माप दोन्हीकडच्या घरांना एकच छापलेलं असतं. आई ज्या मापानं पावडर घालते त्याच मापानं मी इथं घालत होते. फ्रंट लोड मशीन मुळातच थोडं पाणी घेते, त्यामुळे जादाचा फेस खळबळून निघत नाही, आतच वाळतो. आता मी निम्मी घालते आणि कपडे आधीपेक्षा स्वच्छ निघतात.

खात्री करायची असेल तर एक परीक्षा आजच करा. धुऊन वाळवलेले दोन टॉवेल घ्या, मशीनमध्ये टाका, पावडर अजिबात न घालता 40 अंशांवर लावा. दहा मिनिटांनी काचेतून बघा. फेस दिसला तर तो जुन्या पावडरीचा आहे. आमच्या काचेवर बोटभर फेस चढला होता.

साफ करताना वरून खाली या. बटण बंद करून प्लग काढा. पावडरीचा कप्पा आतली कळ दाबून पूर्ण बाहेर ओढा, कंडिशनरच्या खणावरची छोटी टोपी काढा, जुन्या टूथब्रशनं घासा. कप्पा जिथं बसतो त्या खोबणीच्या छतालाही ब्रश फिरवा, काळी बुरशी तिथंच लपलेली असते. मग दाराचं रबर, मेकॅनिक ज्याला गॅस्केट म्हणतात ते. घडी पूर्ण उलटी करून कोमट पाण्यात साबणाचे दोन थेंब टाकलेल्या फडक्यानं पुसा. तळाशी पाणी जायची बारीक भोकं असतात, ती काडीनं मोकळी करा. भोक बुजलं की पाणी तिथंच राहतं आणि चार दिवसांत पुन्हा तेच.

त्यानंतर खालच्या कोपऱ्यातलं झाकण. आत फिल्टर असतो, आणि हा कुणी उघडतच नाही. समोर पसरट ताट ठेवा, शेजारी पोतेरं ठेवा. बारीक नळी दिली असेल तर तिचं बूच काढून आधी पाणी सोडा, मग फिल्टर हळूहळू, थोडा थोडा फिरवत उघडा. एकदम उघडलात तर पाणी पायावर येईल. मशीन नुकतीच गरम पाण्यावर चालवली असेल तर हे पाणी पोळतं, म्हणून निवू द्या. आमच्या फिल्टरमधून बोटभर लांब दोऱ्यांची वात निघाली, दोन हेअरपिना आणि कुजक्या पाण्याचा असा भपका की खिडकी उघडावी लागली. अर्धा वास तिथंच गेला.

राहिला आतला थर. तो उष्णतेनं आणि ऑक्सिजन ब्लीचनं सुटतो. ऑक्सिजन ब्लीच म्हणजे सोडियम परकार्बोनेट. पाण्यात पडलं की त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड आणि धुण्याचा सोडा मोकळा होतो. पेरॉक्साइड जिवाणूंना मारतं, सोडा ओशटपणा उचलतो. थंड पाण्यात ते आळशी असतं, 60 अंशांवर खरं काम करतं. रिकाम्या ड्रममध्ये 100 ग्रॅम टाका आणि 60 किंवा 90 अंशांचा सगळ्यात लांब प्रोग्रॅम लावा. टब क्लीन असं बटण असेल तर तेच वापरा. कंपनीच्या माहितीपुस्तकात काही मनाई नाही ना, एवढं आधी बघून घ्या. परकार्बोनेट मिळालं नाही तर दुकानातली मशीन साफ करायची तयार पावडर चालेल. शेवटी काळे-तपकिरी पापुद्रे बाहेर येतील, घाबरू नका. आमच्याकडे दुसऱ्या वेळीही आले, तिसऱ्या वेळी पाणी स्वच्छ निघालं. मधे फिल्टर पुन्हा उघडून बघा, हे पापुद्रे तिथंच अडकतात.

व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र टाकायचा उपाय तुम्हाला कुणीतरी सांगेलच. दोन्ही एकत्र आले की फसफसतात आणि एकमेकांची धार घालवतात, उरतं ते जवळजवळ नुसतं पाणी. फसफस बघून बरं वाटतं, तेवढंच. शिवाय व्हिनेगर पुन्हा पुन्हा वापरलं तर रबर खराब होऊ शकतं. आम्ल खरं लागतं ते माझ्या माहेरच्यासारख्या जड पाण्याला, कारण तिथं हीटरवर क्षार चढतात. त्याला 100 ग्रॅम सायट्रिक ॲसिड, म्हणजे आपलं लिंबूसत्त्व, रिकाम्या मशीनमध्ये गरम पाण्यावर, दोन-तीन महिन्यांतून एकदा पुरतं. तुम्हाला खानापुरात त्याची गरज फारशी पडणार नाही.

आणि हे कृपा करून नीट वाचा: बाटलीतलं पांढरे कपडे करायचं क्लोरीनचं ब्लीच आणि लिंबूसत्त्व, व्हिनेगर किंवा संडास साफ करायचं ॲसिड कधीही एकत्र येऊ देऊ नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेततो. एका वेळी एकच वस्तू, आणि मधे रिकामी मशीन साध्या पाण्यानं चालवायची.

मशीन साफ झाली तरी वास मारणारे टॉवेल तसेच राहतात, कारण जिवाणू आता धाग्यांत आहेत. बंबातलं कढत पाणी बादलीत घेऊन त्यात दोन चमचे परकार्बोनेट घाला, टॉवेल आणि उशीचे अभ्रे दोन तास बुडवून ठेवा, मग 60 अंशांवर धुवा. हे सुती कपड्यांनाच. रेशमी काठाचं इरकल, रेशीम, लोकर यांच्या जवळपासही हे नेऊ नका.

तुम्ही लिहिलंय की मशीन न्हाणीघरात आहे. मग पाणी सोडायच्या पाइपचं तोंड कुठं आहे ते वाकून बघा. आमच्याकडच्या जुन्या घरांत तो पाइप सरळ मोरीच्या भोकात खोल कोंबलेला असतो. तसं असेल तर गटाराची हवा पाइपातून वर मशीनमध्ये येते. तो वास वेगळा असतो, कुबट नसतो, सडक्या अंड्यासारखा असतो, आणि त्याला कितीही पावडर घातली तरी उपाय नाही. पाइप मशीनच्या मागं सुमारे दोन-तीन फूट उंचीवर वाकवून अडकवा, भोकात घट्ट बसवू नका, भोवती हवा खेळू द्या. मोरीला नाहणी ट्रॅप, म्हणजे थोडं पाणी अडवून गटाराचा वास खालीच रोखणारं भांडं, आहे का तेही बघा. ट्रॅपमधलं पाणी उन्हाळ्यात सुकलं की तिथूनही वास येतो, एक तांब्या पाणी ओतलं की थांबतो. ट्रॅपच नसेल तर प्लंबरला बोलवा, तो खर्च मेकॅनिकच्या तीन हजारांपेक्षा सत्कारणी लागेल.

रोजच्या सवयीत फार बदल लागत नाही. कपडे झाले की लगेच काढायचे. पावसात लाइट मधेच जाते आणि मशीन पाण्यासकट थांबते, तसे तास-दीड तासाच्या वर कपडे राहिले तर लाइट आल्यावर पुन्हा खळबळून घ्यायचे. दार आणि पावडरीचा कप्पा उघडा ठेवायचा, रबर कोरड्या फडक्यानं पुसायचं. घरात रांगतं मूल किंवा मांजर असेल तर दार चार बोटंच उघडं ठेवून वर काहीतरी अडकवा, मुलं ड्रममध्ये शिरतात. आठवड्यातून एकदा चादरी-टॉवेल 60 अंशांवर धुवायचे, त्यात मशीनही आपोआप धुतली जाते. कंडिशनर बंदच करा. टॉवेलला तर तो मुळीच घालू नये, पाणी शोषायचं राहतं आणि ओशटपणा वाढतो.

जून ते सप्टेंबर कपडे वाळणं हा आपल्या भागातला वेगळाच त्रास. दांडीवर दोन-दोन दिवस ओले राहिलेले कपडे स्वच्छ मशीनमधून निघाले तरी वास मारणारच. स्पिन दोनदा द्या, कमी कपडे लावा, दोन कपड्यांत वीतभर अंतर ठेवा आणि रात्रभर खाली पंखा सोडा. आमच्या पडवीत एवढ्यानं सकाळपर्यंत शर्ट वाळतात, जीन्सला मात्र दुसरा दिवस लागतोच.

सासरच्या किंवा शेजारच्या सेमी-ऑटोमॅटिकचं कुणी विचारलं तर त्यात हीटर नसतो. धुण्याच्या टाकीत गरम पाणी वरून घालावं लागतं, पण उकळतं नको, प्लास्टिक वाकतं. परकार्बोनेट घालून पाच मिनिटं फिरवा, तासभर तसंच ठेवा, मग सोडून द्या. जाळीची पिशवी आणि तळाची फिरती चकती यांच्याखाली जो गाळ असतो तो हातानंच काढावा लागतो.

मेकॅनिक कधी बोलवायचा? तीनदा गरम पाण्यावर साफ करूनही वास तसाच राहिला, पाणी पूर्ण निघत नसेल, फिरताना खरखर आवाज येत असेल तर. जळका वास आला तर त्याच क्षणी प्लग काढा आणि मशीन पुन्हा चालवू नका. आठ महिने म्हणजे अजून वॉरंटी असणार, तेव्हा ड्रम उघडायला देण्याआधी कार्ड काढून वाचा. बाहेरच्या माणसानं ड्रम उतरवला तर वॉरंटी जाऊ शकते.

टॉवेलची परीक्षा केलीत की फेस किती आला आणि पाइपचं तोंड कुठं निघालं ते इथंच खाली लिहा. गटाराचा वास असेल तर प्लंबरला नेमकं काय करायला सांगायचं ते मी सांगेन.