पहिल्या हाफ मॅरेथॉननंतर: आधी एवढंच सांभाळ

अरे, 2 तास 40 मिनिटं ही वेळ मनाला लावून घेऊ नकोस. पहिल्याच खेपेला 21.0975 किलोमीटर पूर्ण केलेस, त्याचं मनापासून अभिनंदन!

तुझे स्प्लिट, म्हणजे टप्प्याटप्प्याच्या वेळा, बघितल्या. पहिले पाच किलोमीटर 6:20 च्या पेसने (म्हणजे किलोमीटरला 6 मिनिटं 20 सेकंद), शेवटचे पाच 8:50 ने. तुझी ताकद कमी नाही, सुरुवात फार जोरात झाली. नव्या धावकांची सगळ्यात मोठी चूक हीच. त्यात आपली किनाऱ्याची हवा दमट. घाम नुसता गळतो, वाळत नाही, म्हणून अंग थंड होत नाही आणि त्याच पेसला हृदयाचे ठोके वाढत जातात. पुण्याच्या मित्राची वेळ आपल्या वेळेशेजारी मांडूच नकोस.

सध्या एवढंच कर:

- आठवड्यातलं बहुतेक धावणं सोबत्याशी गप्पा मारता येतील इतकं हळू ठेव. हे सगळ्यांना जड जातं, पण फरक यानेच पडतो.
- रत्नागिरीजवळच्या आरे-वारेसारख्या चढावर घड्याळ बघू नकोस, श्वास बघ. पावलं लहान टाक. उतारावर मोकाट सुटलास तर मांड्या भरून येतात.
- लांब धावलास की नुसतं पाणी नको. मीठ-साखर घातलेलं कोकम सरबत उत्तम.
- रेसच्या दिवशी नवे बूट नकोत.

इंटरव्हल (थोडं जोरात, थोडं हळू असं आलटून-पालटून धावणं), टेम्पो (बराच वेळ एकसारख्या जोरकस वेगाने धावणं) वगैरे नंतर बघू. पाय आखडलेत ते दोन-चार दिवसांत सुटतील. गुडघ्यात एकाच जागी टोचत असेल, तर मात्र धावणं थांबव आणि डॉक्टरांना दाखव.