वाचक विचारतात : नांगरावरचे हेलकावे आणि शुभ्र रंगावरची काजळी

प्रश्न : आमच्या २६ मीटरच्या मोटर यॉटला फिन स्टॅबिलायझर आहेत. चालताना बोट शांत असते, पण नांगर टाकला की रात्रभर डोलते. फिरत्या चाकाने डोलणे थोपवणारा जायरो बसवावा का?

उत्तर : बसवता येईल, पण आधी घड्याळ हातात घ्या. वारा नसलेल्या दिवशी, बंदरात, दोर सैल सोडून चार-पाच जणांनी तालात या कडेकडून त्या कडेकडे जावे. बोट डोलू लागली की सगळ्यांनी थांबावे, दहा पूर्ण हेलकावे मोजावेत आणि सेकंदांना दहाने भागावे. हा बोटीचा स्वतःचा ताल. नेहमी नांगर टाकता तिथल्या लाटाही अशाच मोजा. दोन आकडे जवळ आले तर झोपाळ्याला नेमक्या वेळी झोका द्यावा तसे तुमचे होते आहे. लाट लहान, डोलणे मोठे.

अशा वेळी फुकटचा उपाय आधी करून पाहावा. नांगराच्या साखळीला एक लांब दोर बांधून तो मागच्या क्लीटवर (दोर अडकवायच्या खुंट्यावर) घ्या आणि साखळी थोडी आणखी सोडा. बोट वाऱ्याला तिरकी होते आणि तिचे तोंड लाटेकडे वळवता येते. वारा वाढला की मात्र दोर सोडून द्यायचा, कारण आडव्या अंगावर वारा घेतलेली बोट नांगर ओढते.

आता यंत्रांकडे. फिन हा बुडाला बाजूने बसवलेला, विमानाच्या पंखासारखा असतो. त्याचा जोर पाण्याच्या वेगाच्या वर्गाने बदलतो. १२ नॉटला (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) जेवढा जोर, त्याचा चौथा हिस्सा ६ नॉटला. उभ्या बोटीत शून्य. नांगरावरही चालणारे फिन वेगळे असतात. त्यांचे पाते मोठे असते आणि ते वल्ह्यासारखे फडफडते. ते काम देतात, पण रात्री खालच्या केबिनमध्ये त्यांची धडधड ऐकू येते.

जायरोमध्ये जड चाक निर्वात डब्यात फिरते आणि स्वतः पुढे-मागे कलून हेलकाव्याला उलटा रेटा देते. त्याला बोटीच्या वेगाशी देणेघेणे नाही, बोटीच्या बाहेरही काही येत नाही. पण चाकाला पूर्ण वेग घ्यायला अर्धा-पाऊण तास लागतो, म्हणून पाहुणे फिके पडल्यावर बटण दाबून उपयोग नाही. मुक्कामाच्या आधीच तो सुरू करावा. शिवाय जनरेटर सतत चालू हवा. सर्वांत नेहमीची तक्रार यंत्र थंड ठेवणाऱ्या पाण्याची : गाळणीत शेवाळ किंवा जेलीफिश अडकले की तापमान चढते, अलार्म होतो आणि यंत्र आपणहून थांबते. बसवताना तो अगदी मध्यरेषेवरच हवा असे नाही, मात्र त्याचा रेटा बुडाच्या मुख्य तुळयांपर्यंत पोचलाच पाहिजे. पाया कमकुवत ठेवला तर काही महिन्यांत भोवतीच्या जोडांना भेगा जातात. हिशेब करणारा बोटीचा अभियंता असावा, विक्रेता नव्हे.

प्रश्न : आमची पोलादी यॉट १३ नॉटच्या वर जात नाही. जास्त ताकदीचे इंजिन घातले तर?

उत्तर : डिझेल जाळाल, वेग फारसा मिळणार नाही. पाणी बाजूला सारत जाणाऱ्या गोल बुडाच्या बोटीला एक वेग जखडून ठेवतो. जलरेषेची, म्हणजे पाण्याच्या पातळीवरच्या बोटीची, लांबी मीटरमध्ये घ्या, तिचे वर्गमूळ काढा, २.४३ने गुणा. तुमची जलरेषा ३० मीटर असेल, तर उत्तर १३.३ नॉट. त्यापुढे बोट आपणच उठवलेल्या लाटेवर चढत राहते. वेगच हवा तर सपाट बुडाची, हलकी बोट घ्यावी लागते, आणि तिच्यात संगमरवरी फरश्या शोभत नाहीत.

उलट १३वरून १०वर या. लागणारी ताकद साधारण वेगाच्या घनाने उतरते, म्हणजे निम्म्याहून कमी. मैलामागे इंधन सुमारे ४० टक्के वाचते. पण फार रेंगाळूही नका : जनरेटर तासावर डिझेल खातो, मैलावर नाही.

प्रश्न : रात्री नांगरावर राहिलो की सकाळी एक्झॉस्टजवळच्या पांढऱ्या रंगावर काळे ओघळ दिसतात. दोन जनरेटर आहेत, प्रत्येकी ६५ किलोवॅटचे.

उत्तर : पुसण्याआधी रात्रीचा भार वाचा. सगळे झोपल्यावर एसी आणि फ्रीज मिळून १२ किलोवॅट असेल, तर जनरेटर १८ टक्क्यांवर चालतो आहे. डिझेल इंजिन ३० टक्क्यांखाली तासन् तास चालवले की सिलिंडर पुरेसे तापत नाहीत, इंधन अर्धवट जळते आणि काजळी एक्झॉस्टच्या पाण्याबरोबर बाहेर पडते. दुर्लक्ष केले तर सिलिंडरच्या भिंती गुळगुळीत होतात, रिंगा नीट बसत नाहीत आणि इंजिन तेल खाऊ लागते.

तूर्त रोज तास-दोन तास भार ७० टक्क्यांवर न्या. गोड्या पाण्याचे यंत्र, कपडे वाळवण्याचे यंत्र आणि गीझर वेगवेगळ्या वेळी लावण्याऐवजी एकदम लावा. खरा इलाज म्हणजे रात्रीसाठी २० ते २५ किलोवॅटचा तिसरा, लहान संच किंवा बॅटरी बँक. एकसारखे दोन मोठे जनरेटर कागदावर नीटनेटके दिसतात, पण रात्रीचा विचार त्यात नसतो. योग्य भारावरही काजळी आली तर हवेचा फिल्टर, इंजेक्टर आणि एक्झॉस्टमधला अडथळा याच क्रमाने तपासा.

प्रश्न : जाहिरातींत ‘४९९ जीटी’ इतक्या वेळा का दिसते? वजन जुळवतात का?

उत्तर : जीटी, म्हणजे ग्रॉस टनेज, हे वजन नव्हेच. १९६९च्या टनेज करारानुसार बंदिस्त जागेच्या घनफळावरून काढलेला तो आकडा आहे. ५०० झाले की सुरक्षेचे नियम आणि खलाशांच्या पात्रतेच्या अटी कडक होतात, म्हणून आरेखक एखादे सॅलून काचेने बंद न करता उघडे ठेवतात. वरचा डेक ऐसपैस उघडा दिसला तर त्यामागे समुद्राच्या वाऱ्याची हौस असेलच असे नाही. पुढे मालकाने तो भाग काचेने बंद केला, तर नव्याने मोजणी करून घ्यावी लागते.